डोळ्यांतलं मागणं

अप्पा, मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात तुमचा विषय निघाला की सगळे हळवे होतात आणि मी उठून भांडी घासायला लागते.

तुम्ही वाटूरला जनावरांचे डॉक्टर होतात, तेव्हाची गोष्ट. विहिरीत पडलेला बैल लोकांनी दोर लावून वर काढलाय. कंबर मोडलीय, मागचे पाय हलत नाहीत. मालक म्हणतो, "डाक्टर, मला न्हाई ठरवता येत. तुम्हीच सांगा." तुम्ही मला, शाळकरी पोरीला, पुढे ओढता. "त्याच्या डोळ्यात बघ. सुटका मागून राह्यलाय." मालकाने रडत वेसण कापली, तुम्ही इंजेक्शन दिलंत. परतताना स्कूटरवर म्हणालात, "माझी अशी गत झाली तर मला लोळवत ठेवू नको. जनावरावर करतो तेवढी तरी माया कर बापावर." मी हो म्हटलं. पुढे मीही जनावरांचीच डॉक्टर झाले, ती तुमच्यामुळे.

मग जालन्याच्या दवाखान्यात तुम्ही पडलात. वाचा गेलेली, अर्धं अंग गेलेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, श्वासाचं मशीन लावायचं का? मी तुमच्या डोळ्यांत बघितलं, तुम्ही शिकवलं होतं तसं, आणि मला अगदी स्पष्ट दिसलं. "अप्पा, मशीन नको म्हणून सांगते," मी म्हणाले. तुम्ही चांगल्या हाताने माझं मनगट असं आवळलंत की बांगडी फुटली, आणि मान हलवलीत. नको नको, तसं सांगू नको, असं. मशीन लागलं. पाठीला जखमा पडल्या तरी तुम्ही चिवटपणे जगत राहिलात. आईला वाटतं, मी तुम्हाला मारायला निघाले होते. अजून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. स्कूटरवरचं तुमचं बोलणं तिला सांगितलं, तर तिचा विश्वास बसत नाही.

जगावंसं वाटलं म्हणून राग नाही, अप्पा. ते कोणाला वाटत नाही? पण तुम्ही मला फसवलंत. तुम्हाला विचारता आलं, म्हणून तुम्ही नाही म्हणू शकलात. त्या बैलाला कोणी विचारलं होतं? तुमच्या डोळ्यांत मी वाचलं ते साफ चूक निघालं, मग त्याच्या डोळ्यांत तुम्ही काय वाचलंत? तुमच्या त्या एका वाक्यावर विसंबून मी किती जनावरं कायमची झोपवली.

परवा धावड्याला गेले होते. ट्रकने उडवलेला बैल, वाचण्यासारखा नव्हताच. मालकीण म्हणाली, "बाई, त्याला बी सुटायचंच आसंल न्हाई का?" मी म्हटलं, "त्याला फार दुखतंय, एवढंच मला कळतं." इंजेक्शन दिलं, द्यायलाच हवं होतं. पण आधी त्याच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. तिला वाटलं, बैल बुजू नये म्हणून. तो मी माझ्यासाठी टाकला होता.