परतीची हमी

४ मार्च, लातूर
गिरिजाचा कॅनडाहून फोन. बाळंतपण सप्टेंबरात. "अप्पा, दोघांनीही यायचं." वाटा तीन: साधा भेटीचा व्हिसा, आईवडिलांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा, ज्यास तिकडचा आरोग्य विमा लागतो, आणि कायमचे वास्तव्य, ज्याचा नंबर केव्हा लागेल सांगता येत नाही. सौ. तिसऱ्याबद्दलच पुन्हा पुन्हा विचारते. मी पहिल्यावर ठाम.

८ मार्च
नांदेडला व्हिसा सल्लागार मोईन यांच्याकडे. कागद चाळून म्हणाले, "साब, घर किरायाचं, नोकरीची डाळ मिल बंद, लेक एकच अन् ती तिकडं. दोघं गेले तर वापस कशाला येतील, असंच म्हणतील ना ते? वैनीचा एकलीचा टाका. तुम्ही हितं ऱ्हायले, हाच मोठा पुरावा."
तर्क बिनचूक. म्हणूनच बोचला.

९ मार्च
सौ.ने चमचाभर पाण्यात इष्टलिंगाची पूजा आटोपली. मग मी मोईन यांचा सल्ला सांगितला.
"म्हणजे तुम्हाला गहाण ठेवून जाऊ मी? अन् सोडवायचं कुणी?"
तेवढ्यात टँकर आला. दोघेही घागरी घेऊन धावलो.

२१ मार्च
सौ.च्या जन्मदाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, पासपोर्टवर लातूर. गाव जागचे हलले नाही, जिल्हा नवा झाला. शपथपत्र केले. नोटरीकडील एक गृहस्थ म्हणाले, "लवकर टाका अर्ज. उदगीर जिल्हा होऊन राहिला, पुन्हा बदलावं लागंल!" सौ. हसली. बऱ्याच दिवसांनी.

२ एप्रिल
मिलमालक म्हणाले, नोकरीत असल्याचे पत्र देतो, दोघांचा अर्ज करा. मिल बंद असता असे पत्र घेणे मला शक्य नाही. नको म्हणालो. सौ.ने पुढ्यात ताट ठेवले. "बसा तुमचा खरेपणा कुरवाळत." स्वतः जेवली नाही.
तिच्या एकटीचाच अर्ज गेला. 'परत येण्याचे कारण': पती लातुरात.

१९ मे
व्हिसा मिळाला. सहा महिने राहता येईल. तिने पासपोर्ट मिटून देव्हाऱ्यात ठेवला. माझ्याकडे पाहिले नाही.

७ जुलै
हैदराबादला विमानात बसवून परतलो. घरात हौदाचे झाकण उघडे. ते रोज तीच लावीत असे.

११ सप्टेंबर
गिरिजास मुलगी. सौ. फोनवर: "इथं नळ सोडला की पाणी. बंद करायला मन होत नाही." मग गिरिजा: "आईचा मुक्काम वाढवून घेतेय, अप्पा. आता तुम्हीच या."
सौ.ला फोन द्यायला सांगितले. तिने घेतला. बाळ रडू लागले, तसा तिने तो पुन्हा गिरिजाकडे दिला.

१६ सप्टेंबर
पुन्हा नांदेड. या वेळी माझा अर्ज. सर्व रकाने भरून झाले. मोईन थांबले. "साब, वापस येण्याचं कारण काय लिहू? वैनी तर तिकडं."
सौ.च्या अर्जात त्या जागी मी होतो. माझ्या अर्जात त्या जागी लिहायला इथे कुणीच नाही.
सोमवारी सांगतो म्हणालो.