माझ्या विश्वासाचा नंबर

२ नोव्हेंबर २००३, रविवार
माझे वडील दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामाला होते. ते म्हणायचे, "कुणी मोठ्यानं सांगितलं म्हंजी खरं नसतं. पुस्तक उघडून बघ."
आज चर्चच्या उपासनेत नवे प्रचारक ब्रदर फार मोठ्यानं बोलले. गोळ्या आणि चष्मा म्हणजे देवावर अविश्वास, म्हणे. घरी जाऊन बायबल उघडायचं आणि हे खोडून काढायचं, असं मी तिथंच ठरवलं. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ सिंधू उठली आणि तिनं चष्मा काढून अर्पणाच्या पेटीत टाकला. टाळ्या. सासूबाईंनी तिला सगळ्यांसमोर पोटाशी धरलं.
हेवा वगैरे नाही. डोकं दुखतंय, एवढंच. बायबल उद्या.

५ नोव्हेंबर
सासूबाई आता चहाला सिंधूकडे जातात. शेजारचंच दार. मला काही नाही. साखर वाचते.

९ नोव्हेंबर, रविवार
सिंधूची साक्ष झाली. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो, म्हणाली. तिला पुढची खुर्ची.
मी जायचं ठरवलं नव्हतं. पाय गेले. माझा चष्मा पेटीत टाकला आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं. खोटं काहीच नाही. लांबचं मला आधीपासून दिसतं.
सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरी येईपर्यंत पाठ ऊबदार होती.

१२ नोव्हेंबर
सासूबाईंनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. दोन्ही सुनांनी चष्मे टाकले, मग मीच का मागं, म्हणाल्या.
वडील सांगायचे ते मी सांगितलं. बायबलातल्या पौलानं आपला एक सोबती आजारी म्हणून वाटेत मागं ठेवला होता. मग पौलाला काय विश्वास नव्हता? सासूबाई म्हणाल्या, "तू सांगू नगं. शास्त्रात बोट ठिवून दाव."
दाखवतेच. वडिलांचं बायबल काढलं. सगळ्या पानांवर अक्षरांच्या मुंग्या.
(ही वही चालते. हात लांब करून, मोठं अक्षर, एका पानावर पाच ओळी.)

१५ नोव्हेंबर
यांना वाचायला बसवलं. कुठून वाचू, म्हणाले. ते मला आठवेना. यांनी उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि वंशावळीत घोरायला लागले. डेपोतून थकून येतात.
नवा चष्मा करता येईल. पण चष्मेवाल्याची बायको आमच्याच उपासनेत पहिल्या रांगेत बसते.

१८ नोव्हेंबर
सासूबाईंना नळाशी चक्कर आली. ब्रदरांनी फोनवरून प्रार्थना केली. मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर सासूबाईंनी तोंड फिरवलं. सिंधूचा विश्वास मोठा, तुझा कच्चा, म्हणाल्या.
कच्चा तर कच्चा. रविवारी उभी राहून सगळं सांगणार. पक्कं.

२१ नोव्हेंबर
वाटी परत द्यायला सिंधूकडे गेले. खिडकीतून दिसली. शिलाई मशीनवर वाकलेली, नाकावर चष्मा. पेटीत टाकला तो जुना होता, एका काडीचा.
राग यायला हवा होता. आधी मनात आलं, हे मला का नाही सुचलं?
वाटी परत आणली.

२३ नोव्हेंबर, रविवार
सासूबाई आल्या नाहीत. पाय सुजलेत. सिंधूनं त्यांच्यासाठी प्रार्थना केली, पण मध्येच तिचा आवाज गेला. मी उभी राहिले. सगळ्यांनी बघितलं. गाणं म्हणायचंय का, ब्रदरांनी विचारलं. गाणंच म्हटलं.

२४ नोव्हेंबर
सासूबाई हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत लवकर. उघडले की शास्त्र दाखव, एवढंच म्हणतात. बोट ठेवायला जागा सापडायला हवी.
सिंधूच्या चष्म्याचा नंबर माझ्याइतकाच आहे. लग्नकार्यात आम्ही पत्रिका एकाच चष्म्यातून वाचायचो, आळीपाळीनं. तेव्हा ती माझ्या मांडीला मांडी लावून बसायची.
आता तिच्या दारात जाते. चष्मा काढून दिला तर तिची साक्ष गेली, पुढची खुर्ची गेली, आणि सासूबाईंचा हात पण. मी तिच्या जागी असते तर दिला नसता. ती म्हणणार, कसला चष्मा, आक्का?
तरी जाते. काय बोलायचं ते इथं लिहून पाठ करतेय, म्हणजे तिथं तोंडातून भलतं नको यायला:
"सिंधू, मला सगळं दिसलंय, पण ते राहू दे. माझी साक्ष पण तसलीच होती. तुझा चष्मा दे, आणि आईंपाशी माझ्याबरोबर येऊन बस."