आठ नंबरचा आवाज

१७ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. टेक्निकल कामाची नोंद असावी म्हणून. दुसरं कारण नाही.
विषय: इंद्रजीतचा सिंथेसायझर. जपानी, चाळीस वर्षं जुना, त्याच्या ऑर्केस्ट्राच्या काळातला. स्विच दाबला तर दिवासुद्धा लागत नाही. त्याच्या बायकोकडून, शेफालीकडून आणून डायनिंग टेबलवर ठेवला. दीपमालाने विचारलं की आता जेवायचं कुठे. म्हटलं, आठवड्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, बाथरूमचा नळही आठवड्याचाच प्रश्न होता.
इंद्रजीत माझा धाकटा भाऊ. माघात गेला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळ्यांची आश्वासनं देऊन झाली, शेफालीकडे बघू, कर्ज फेडू वगैरे. शेवटी मी म्हटलं, तुझा सिंथ दुरुस्त करीन, वर्षश्राद्धाला वाजवून दाखवीन. कावळा आला. योगायोग. भातावर दही भरपूर होतं.

१९ नोव्हेंबर
शेफालीचा फोन. इंद्रजीत या यंत्रात स्वतःचे आवाज बनवून साठवायचा. आठ नंबरच्या बटणावर एक आहे, तो त्याने कार्यक्रमात कधीच वाजवला नाही. फक्त घरी, संध्याकाळी, तिच्यासाठी. लांबून कोणी हाक मारतंय आणि आपण ओ द्यायच्या आत थांबतंय, असा. रेकॉर्ड केलेला नाही. दादा, एकदा ऐकायचाय, एवढंच म्हणाली.
म्हटलं, ऐकलास असं समज. मी सिव्हिलचा असलो तरी करंट शेवटी पाण्यासारखाच. वाहतो.

२४ नोव्हेंबर
उघडला. आत धूळ, एक मेलेलं झुरळ आणि सिगरेटची राख. राख पुसली नाही. तिचा कामाशी संबंध नाही.
निदान: ट्रान्सफॉर्मर जळाला. तसला आता बनत नाही. इंटरनेटवर या यंत्राच्या वेडाने पछाडलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे, तिथे विचारलं. डेन्मार्कच्या एका गृहस्थाचं पानभर उत्तर आलं. सुरुवातच ‘कशालाही हात लावण्यापूर्वी’ अशी. मला कोणी शिकवायला लागलं की मी पुढे वाचत नाही. सवडीने बघू.

३० नोव्हेंबर, दिवेलागण
यंत्र वाजलं. एकच स्वर, खालचा, बारीक. प्लग काढलेला आहे. दोनदा पाहिलं.
कारण: थंडीत प्लॅस्टिक आकसतं. दीपमालाला काही ऐकू आलं का विचारलं. नाही म्हणाली. तिला कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येत नाहीत, मीच मोजतो.

८ डिसेंबर
कसबा पेठ. करीमभाई जुन्या पेट्या आणि कीबोर्ड दुरुस्त करतात. सगळं मिळेल म्हणाले. सगळं होतंही, हार्मोनियमच्या भात्यापर्यंत. ट्रान्सफॉर्मर सोडून. चहा पाजला. म्हणाले, तुमचे भाऊ हसायच्या आधी खोकायचे, मग आम्ही सगळे तयारीत राहायचो, की आता हसणार.
संध्याकाळी टेबलापाशी कोणी खोकल्यासारखं झालं. पाइपात हवा आहे. प्लंबरला बोलावणे. मी बराच वेळ थांबलो, पण पुढे कोणी हसलं नाही.

२२ डिसेंबर
करीमभाईंनी दिलेल्या पत्त्यावर वारज्याला गेलो. गेनबा म्हणून आहेत. जमिनी बिल्डरला गेल्या, पूर्वी लग्नाचा बँड होता. हेच यंत्र त्यांच्याकडे पडून आहे का विचारलं. हाय की, म्हणाले, पर त्याच्यावर कोंबडी बसलीया.
म्हटलं, उठवा. गेनबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. कोंबडी अंड्यांवर आहे. पिल्लं निघाल्याबिगर हलवायची न्हाई.
एका शास्त्रीय प्रकल्पाचं वेळापत्रक कोंबडीच्या हातात. हा आपला देश.

२९ डिसेंबर
दिवेलागणीला रोज वाजतं. मी शेजारी बसतो, तापमानाचं निरीक्षण म्हणून. इंद्रजीतचा मफलर वर घातला आहे. धूळ बसू नये. बाहेर जाताना चुकून ‘येतो रे’ म्हटलं जातं. सवय मोडणे.
दीपमालाने विचारलं, दोन कप चहा कशाला. म्हटलं, एक थंड होतो.

५ जानेवारी
संकल्प: कोंबडीच्या भरवशावर बसायचं नाही.
आत एक गोल सेल सापडला. चाळीस वर्षांचा. अशा सेलवर कोण विश्वास ठेवणार. उचकटून काढला, नवा लावला. जुना फेकवेना. स्वयंपाकघरातल्या बंद पडलेल्या डिजिटल वजनकाट्यात घालून पाहिला, तर काटा सुरू. दीपमालाला अभिमानाने दाखवलं. म्हटलं, अजून जीव आहे बघ याच्यात.

१० जानेवारी
पाच तारखेपासून यंत्र गप्प आहे. म्हणजे दोष सेलमध्येच होता. माझं निदान अचूक.
दीपमाला आज भाजी निवडताना म्हणाली, हल्ली संध्याकाळी तो आवाज येत नाही. तिला यायचा, हे मला माहीत नव्हतं.

१९ जानेवारी
पिल्लं निघाली. ट्रान्सफॉर्मर आणला, बसवायला करीमभाई घरी आले. दिवा लागला. सगळ्या पट्ट्या वाजतात. करीमभाईंनी मला मिठी मारली.
ते गेल्यावर आठ नंबरचं बटण दाबलं. घरघर. सात, तीच घरघर. सगळ्या बटणांवर तीच. गरम व्हायला वेळ लागत असेल.

२० जानेवारी
कालपासून गरम होतंय.
डेन्मार्कचा मेसेज वाचला. लिहिलंय की यंत्र सुरू होईपर्यंत आतला सेल काढू नका. यंत्र बंद असतानाही त्यात साठवलेले आवाज तोच सेल जपत असतो. आधी सगळं कॅसेटवर उतरवून घ्या, मगच बदला.
वजनकाट्यातून सेल काढला, यंत्रात परत लावला. घरघर. ओट्यापाशी उभा राहून रडलो. सेलसुद्धा हातात गरम लागत होता. माझ्याच मुठीत होता म्हणून.
मेसेजची भाषा जरा उद्धटच आहे.

२६ जानेवारी
नवा प्लॅन. आवाज मीच बनवायचा. इंद्रजीतला मी जन्मापासून ऐकलेला आहे, माझ्याइतका कोणी नाही. शेफालीला कळणार नाही. सरकपट्ट्या वरखाली करत बसलो. दुपारी जवळपास जमला. संध्याकाळी तो शेजारच्या पार्किंगमधल्या रिव्हर्स हॉर्नसारखा वाटला.

१ फेब्रुवारी, वर्षश्राद्ध
शेफाली आली. कान टवकारून बसली नाही, नुसती डोळे मिटून बसली. मी आठ नंबर दाबून वाजवलं.
ऐकून म्हणाली, छान आहे, दादा. हा तुमचा ना? मी एक सरकपट्टी उगाच वरखाली केली. म्हणाली, त्याचा मध्येच थांबायचा. मग तिनेच स्विच बंद केला, मफलरची घडी घातली आणि पानं घ्यायला आत गेली. दीपमालाने सकाळी खिरीचे तांदूळ मुठीने मोजून घेतले होते. वजनकाटा तिने कुठेतरी उचलून ठेवलाय. कुठे, ते मी विचारलं नाही.
गच्चीवर घास ठेवला. दही मुद्दाम जास्त घातलं. सगळे खाली थांबले होते, पानं निवत होती. दुसरं काय कबूल करावं ते सुचेना. मग मोठ्याने ‘इंद्रजीत’ म्हटलं आणि थांबलो.
कबुतरं आली. कोथरूडमध्ये हल्ली कावळेच राहिले नाहीत.