लस-खिडकीवरील परिचारिकाबाईंची बदली नामंजूर करण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
आरोग्य विभाग.

विषय : सदर बाईंना आहे त्याच खिडकीवर कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ : बाईंनी आपल्याकडे केलेला बदलीचा विनंतीअर्ज.

महोदय,

मी शिंपी असून माझे दुकान आरोग्य केंद्राच्या फाटकासमोर आहे. बाईंनी बदली मागितल्याचे केंद्राचे शिपाई पँट आखूड करून घ्यायला आले असता समजले. त्यास माझी सक्त हरकत आहे.

१. बाईंचे गणवेश माझी पत्नी शिवत असे. दोघींचा चांगला घरोबा होता. साथ आली तेव्हा पत्नीला दमा असल्याने मी तिला आग्रहाने रांगेत उभे केले. खिडकीशी पोचल्यावर तिने विचारले, "ताई, तुम्ही घेतलीत ना?" बाई हळूच म्हणाल्या, "नाही गं. आमच्यातल्या कुणीच नाही घेतली अजून. तू पण थांब जरा." पत्नी रांगेतून बाहेर पडली. मागच्या बायकांनी ते ऐकले होते, त्याही निघाल्या. पुढे डॉक्टर स्वतः गल्लीत समजावायला आले. लोक म्हणाले, "टोचणारीच टोचून घेत नाही, मग आम्हीच का?" डॉक्टर आल्या पावली परत गेले.

२. पत्नी थांबली. साथ थांबली नाही. ऑक्सिजन लावलेला असतानाही ती मला सांगत होती, ताईंच्या गणवेशाची बटणांची काजं राहिलीत, तेवढी करून द्या. मी दिली नाहीत.

३. पत्नी गेल्यानंतर बाईंनी दुसऱ्या गावी जाऊन गुपचूप लस घेतली. इथे चकार शब्द काढला नाही. मला कळले तेव्हापासून मी माप घेताना प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगतो. आता रांग पुन्हा लागते, लोक टोचून घेतात, पण बाईंशी कुणी बोलत नाही. एकदा त्या दुकानात येऊन रडल्या. "मास्तर, मीच घाबरले होते हो. मलाच खात्री वाटत नव्हती." मी मशीन चालूच ठेवले.

४. माझी मेहुणी म्हणते, "भाऊजी, सोडा आता. तीही माणूसच आहे." असेल. मेहुणीची बहीणही माणूसच होती.

सबब विनंती की, बदली नामंजूर करावी. खिडकीवर 'लस घेण्यापूर्वी बाईंना विचारा, तुम्ही घेतलीत का?' असा फलक लावावा, आणि बाईंनी प्रत्येकास मोठ्याने उत्तर द्यावे : "घेतली. उशिरा घेतली." फलकाचे कापड मी देईन, शिवूनही देईन.

मात्र त्यांना निलंबित करू नये, दंड करू नये, साधी समजही देऊ नये. शिक्षा भोगली की माणूस मोकळा होतो. मला त्या मोकळ्या झालेल्या नको आहेत.

आपल्या नकाराची वाट पाहणारा,
(सही)
मास्तर, टेलरिंग दुकान,
आरोग्य केंद्रासमोर

दिनांक : ११ ऑगस्ट

सोबत : पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.