लाटा तासलेला दगड

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. आज ओटा पुसता पुसता तो असा उसळून आला की हातातलं फडकं टाकलं आणि लिहायला बसले.

परतूरच्या स्टेशनाजवळची तुमची वखार आठवते. मालगाडीनं शहाबादी फरशी यायची. तुम्ही एकेका फरशीवर हातोडी टिचकवून आवाज ऐकायचात आणि मग ती थप्पीला लावायचात. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते, माझी मॅट्रिक नुकतीच झाली होती. काही फरशांवर बारीक लाटा असायच्या, ओढ्याच्या तळच्या वाळूवर उठतात तशा. त्या तुम्ही पालथ्या बसवायचात, लाटा खाली चुन्यात आणि सपाट बाजू वर. मी विचारलं तर म्हणालात, "खोट हाये ती. खोट काय वर दाखवत्यात का?" खोट कसली अण्णा, समुद्र होता तो! लाटांचे दोन्ही उतार सारखे होते, म्हणजे तिथं उथळ पाणी पुढं-मागं हलत होतं. आणि मी थप्पीतून निवडून ठेवलेल्या एका दगडावर तर लाटांवरून तडे गेले होते, आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला जातात तसे. म्हणजे ते पाणी मधूनच आटायचं, तळ उन्हात उघडा पडायचा. एका हातभर दगडावर हे सगळं होतं.

आमच्या हेडमास्तरांच्या ओळखीचे एक प्राध्यापक औरंगाबादच्या कॉलेजात होते, त्यांना हेडमास्तरांनी माझ्या दगडाबद्दल लिहिलं. त्यांनी कळवलं, मुलीला भूगर्भशास्त्राला घ्यायला इथं कुणी राजी नाही, पण तो दगड घेऊन ये, मी भांडतो. तुम्ही स्वतः दगड गोणपाटात बांधलात, स्टेशनावर आणून गाडीच्या डब्यात ठेवलात. मला वाटलं, आता कुठं अण्णांना कळलं. कॉलेजात मी सुतळी सोडते, गोणपाट बाजूला करते, आणि समोर आरशासारखा गुळगुळीत दगड. लाट नाही, तडा नाही. प्राध्यापकांनी त्यावरून हात फिरवला. "दगड छान आहे," ते म्हणाले, "पण ह्यात बघायचं काय?" मी तो पुन्हा गोणपाटात गुंडाळला.

घरी आले तेव्हा तुम्ही चुलीपुढं जेवत होतात. "पसंत पडला का साहेबाला? टाकीनं तासून, वाळूनं घोटून देल्ता."

"मला इचारलं का न्हाई, अण्णा?"

"त्यात काय इचारायचं? माझ्या वखारीतला खोटा दगड घेऊन पोरगी साहेबापुढं जाऊन राह्यली, मंग काय तसाच देऊ? बिलकुल न्हाई."

आणि तुम्ही आणखी भाकरी मागितलीत. मी ती ताटात वाढली.

माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी दुसरा, नुसत्या लाटांचा दगड नेला, तुमच्यापासून लपवून, वळकटीत. प्रवेश मिळाला. पुढं जन्मभर हेच केलं, दगड वाचून जुने उथळ समुद्र मांडले. पण तसा तडे गेलेला दगड पुन्हा हाती लागला नाही. तो जिथून आला ती खाण मी शोधून काढली, तर तो थर केव्हाच फोडून संपला होता. कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात पालथा पडला असेल. म्हणून त्या थराबद्दल मला लिहावं लागलं, "पाणी बहुधा अधूनमधून आटत असावं." ते 'बहुधा' तुमचं आहे, अण्णा. मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला बहुधा लिहावं लागलं. ह्याचा मला अजून संताप येतो. तुम्ही असतात तर आजही तोंडावर बोलले असते.

हे कुठं पाठवणार, कागदांच्या डब्यात पडून राहील. तुम्ही घोटलेला तो दगड मात्र माझ्याकडेच आहे, इथं ओट्यावर. रोज त्याच्यावरच पोळ्या लाटते. तेवढा सपाट घोटलेला दगड मी दुसरा पाहिला नाही, आणि हे तुम्हाला एकदाही सांगितलं नाही.