तिसरी चादर

चिमे,

घरमालक दुपारी खोली बघायला येतोय. करार तुम्हा दोघांचाच, म्हणून मी नेहमीसारखी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसते. तिथे म्हातारीला कुणी हटकत नाही. आधीची खोली माझ्या फणीतल्या पांढऱ्या केसांनी घालवली, म्हणून या खेपेला फणीसुद्धा पिशवीत घेतलीय. मेल्याला हुंगूनही कळायचं नाही.

जावईबापूंशी भांडू नकोस. रात्री तुम्ही कुजबुजता ते मला ऐकू येतं गं, एवढ्याशा खोलीत दुसरं काय होणार?

संध्याकाळी न्यायला येऊ नकोस. मी परस्पर तुझ्या मावशीकडे जाईन, राहीन तिथेच.

माझी चादर धुतलीय, ती आतच वाळव. दोघांच्या घरात तिसरी चादर कुणाची, असं कुणी विचारलं तर तुला धड खोटंही बोलता येत नाही.

आई