ओंकारच्या नावाने

२ फेब्रु., सोम.
सकाळी चहा, मग कॅनडा. आमचा ओंकार तिकडे नोकरीला जाताना टॅब ठेवून गेला, तो आता माझाच. तिकडच्या बातम्यांच्या पानावर आलंय, कायम राहायचे नियम म्हणे पुन्हा बदलणार. ओं.चं कामाचं परमिट मेमध्ये संपतंय. फोटोत मंत्री मात्र हसतोय. मग लिहिलंच खाली, मराठीत (त्यांना इंग्रजी होऊन दिसतं): "पोरांना बोलावून घेतलंत, गोदामांत राबवलंत, आता दार लावता? असल्या मंत्र्याला चपलांचा हार घालून गावभर फिरवला पाहिजे."
बरं वाटलं. हे पेपरामागून म्हणाले, "कॅनडा चालवून झाला असेल तर भाजीचं बघ."

३ फेब्रु., मंगळ.
बरेच अंगठे आलेत. शिव्याही. बर्फातल्या ट्रकचा फोटो लावलेला एक जण लिहितो, "ओंकार, तू कुठे कामाला आहेस ते तुझ्या पानावरच आहे. तुझ्या साहेबाला कळवतो."
आधी वाटलं, हा ओं.ला ओळखतो की काय. मग चष्मा पुसून नीट पाहिलं. माझ्या प्रत्येक लिहिण्यावर ओं.चं नाव, ओं.चा फोटो. टॅब त्याचा म्हणून फोटो त्याचा, एवढंच समजत होते मी. दारावरच्या पाटीवर यांचं नाव आहे, पण घरात मीही बोलतेच की.
तीस वर्षं वर्गात पोरांना सांगत आले, पेपरवर आधी स्वतःचं नाव घाला.
खोडलं लगेच.

४ फेब्रु.
खोडून उपयोग नाही. ट्रकवाल्याने आधीच माझ्या ओळींचा फोटो काढून ठेवला होता. तो त्याने पुन्हा लावलाय, आणि ओं.च्या कंपनीचं नाव खाली. दिवसभर दर दहा मिनिटांनी बघतेय. दूध उतू गेलं, वास आला तेव्हा कळलं.
यांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. उठून ओटा पुसायला लागले. त्याचीच जास्त भीती वाटली.

६ फेब्रु., शुक्र.
ओं.चा फोन. "आई, ऑफिसातून मेल आलाय. माझ्या नावानं कुणीतरी मंत्र्याबद्दल काहीबाही लिहिलंय. हॅक झालं बहुतेक. पासवर्ड बदललाय, सगळीकडून बाहेर काढलं." सोमवारी सकाळी नऊला साहेबांनी बोलावलंय. आपले संध्याकाळचे साडेसात. तिथे कायम राहायच्या फाइलला कंपनीचं पत्र लागतं, ते तेच साहेब देणार होते.
मी विचारलं, "जेवलास का?"
फोन ठेवला नि रडले.
टॅब आता पासवर्ड मागतोय.

७ फेब्रु.
हे म्हणतात, "तो हॅक म्हणतोय ना, मग तू गप बस. कशाला उगीच?" झाकली मूठ... पण ओं. तिथे पोलिसांत तक्रार देणार म्हणतो. त्यांनी शोध घेतला आणि धागा भिंगारला आपल्याच घरात आला तर? खोटं बोलला म्हणून पोरगं धरतील. मला काय करणार आहेत!
शिंगणापूरहून दादाचा फोन. राहवलं नाही, सांगून टाकलं. दादा आधी हसला. मग म्हणाला, "आगं, आपल्या घराला कवाड न्हाई, पन राखनीला शनिदेव हाय. तुज्या त्या टॅबला कोन हाय?"
खरंय. कवाड नसलेल्या घरात वाढले. तिथे कुणी कशाला हात लावत नाही, म्हणून आत आपण काय बोलतो ते कुणी ऐकत असेल असंही कधी वाटलं नाही.
दादा वर म्हणाला, "पोराला सांग. उद्या न्हाई, आज."
आज जमलं नाही.

८ फेब्रु., रवि.
दोनदा नंबर लावला, वाजायच्या आत कट केला. मनाची तयारी करतेय आणि तो तिकडे तक्रारीचा कागद भरत असेल. किती भित्री आहे मी. वर्गात केवढा दरारा होता!

९ फेब्रु., सोम.
दुपारी रेघांच्या कागदावर लिहिलं, ठसठशीत अक्षरात: "मी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार भिंगार. ते शब्द माझे आहेत. माझ्या मुलाला त्यातलं काही माहीत नव्हतं. शिक्षा द्यायची तर मला द्या." खाली सही, तारीख. हे बघत होते. म्हणाले, "माझीही सही घे, साक्षीदार म्हणून." किती दिवसांनी इतकं गोड बोलले.
सहा पन्नासला फोटो काढून ओं.ला पाठवला. बैठकीला चाळीस मिनिटं.
सहा चोपन्न. बघितलं त्याने. टाइप करतोय... थांबला. परत.
सात वाजून दोन मिनिटं. उत्तर आलं. शिवी नाही, राग नाही. एवढंच:
"आई, अजून कुठे कुठे लिहिलंयस?"
आठवायला बसलेय. टॅब उघडत नाही. तो जाऊन दोन वर्षं झाली, आणि मी रोज कुठे ना कुठे...